जास्तीचे दोन लिटर

"उस्ताद, हिच्यात थर्मोस्टॅटच नाहीये," लॅपटॉपवाला म्हणाला, आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की हातातला चौदाचा पाना याच्या दातांवर घालावा. पाना त्याचाच होता, त्याच्या ट्रेमधून मी सवयीने उचलला होता. चूक त्याची नव्हती. चूक कुणाची हे कळायलाही अजून मिनिटभर अवकाश होता. पण माझं हे असंच आहे. आधी हात तयार होतो, डोकं मागून धापा टाकत येतं. लॅपटॉपवाला बॉनेटखाली वाकला होता, त्याची मान माझ्या पुढ्यात होती, घामेजलेली, केस बारीक कापलेली. अकरा वर्षं ही मान माझ्या गॅरेजमध्ये अशीच वाकत होती. मग त्याने कुठून तरी एक लॅपटॉप आणि एक वायर आणली, गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं शटर उघडलं, आणि मी चारचौघांत म्हणालो होतो, की वायर लावून आजार कळायला लागले तर आम्ही काय गवत उपटायला जन्मलो? मला लोक कानवाला उस्ताद म्हणतात. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडाला लावली, की कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतो आणि कुठलं बेअरिंग रडतं ते मी डोळे मिटून सांगतो. तीस वर्षं सांगत आलो. आणि आज त्याच्या दारात माझी स्वतःची गाडी उभी होती, त्याची वायर तिच्या पोटात गेली होती आणि पडद्यावर दोन ओळी उमटल्या होत्या. इंजिन तापत नाही. जितकं तापायला हवं तितकं ते कधीच तापत नाही. "बघा की," तो बॅटरीचा उजेड आत मारत म्हणाला, "डबी रिकामी आहे. कुणी मूर्खाने काढून टाकलाय कोण जाणे." मी पाना ट्रेमध्ये ठेवला. तो जरा जोरात ठेवला गेला. "मी काढलाय," मी म्हणालो.

आमच्या धंद्यातली ही फार जुनी खोड. गाडी तापते म्हणून कुणी आला, की पहिल्यांदा थर्मोस्टॅट उपटायचा आणि भंगाराच्या पिंपात फेकायचा. बोटभर लांबीची झडप ती, इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरते, गरम झालं की सोडते. अडवणारं काही राहिलंच नाही तर पाणी सतत खेळतं आणि गाडी कधी तापत नाही. गिऱ्हाईक खूश. माझ्या उस्तादाने मला हेच शिकवलं आणि मी दहा जणांना हेच शिकवलं. जुन्या गाड्यांना ते खपूनही जायचं. दोन उन्हाळ्यांमागे ही गाडी चौकात तापली. बायको एकटीच होती, मागे हॉर्नचा गोंधळ, बॉनेटमधून वाफ, कुणीतरी काचेवर थापा मारून तिला शिव्या दिल्या. ती घरी आली तेव्हा तिचे ओठ थरथरत होते. त्याच संध्याकाळी मी थर्मोस्टॅट काढला. मला तो शिव्या देणारा सापडला असता तर मी त्याचा जबडा काढला असता, तो सापडला नाही म्हणून झडप काढली, असंही म्हणता येईल. त्यानंतर तापमानाचा काटा जो तळाला बसला तो बसलाच. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो. बघा, एकवीस वर्षांची गाडी, भर उन्हात काटा हलत नाही. गाडी थंड आहे यात मी मिरवत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, मी तर कळसा काखेत घेऊन गावभर लोकांना दाखवत हिंडत होतो.

मग ॲव्हरेज पडलं. गाडी बायको नेते, मला लागत नाही, माझं गॅरेज घरापासून पन्नास पावलांवर आहे. ती पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात टायपिस्ट आहे, आठवड्यातून तीन दिवस तिला नदीपलीकडच्या शाखेत जावं लागतं. जायला नऊ, यायला नऊ. तीन दिवसांचे चोपन्न किलोमीटर झाले, चौदाचं ॲव्हरेज धरलं तर चार लिटरही लागायला नकोत. दर शनिवारी मी टाकी गळ्यापर्यंत भरायचो आणि सहा लिटर जायचं. किलोमीटरचा आकडा दाखवणारं मीटर केव्हाच मेलं होतं, दुरुस्त करीन करीन म्हणत राहून गेलं होतं, लोहाराच्या घरी विळा बोथट म्हणतात तसं. म्हणजे साक्षीदार एकच उरला, पेट्रोल. मी प्लग काढून पाहिले, नवे टाकले. एअर फिल्टर बदलला. टाकीखाली कोरडा पुठ्ठा पसरून ठेवला, सकाळी त्यावर डागसुद्धा नव्हता. चारही चाकं जॅकवर चढवून हाताने फिरवली, ब्रेक कुठे धरत नव्हता. पेचकस कानाला लावून अर्धा तास इंजिन ऐकलं, घड्याळासारखं चालत होतं. आणि तो पिवळा दिवा. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा सदान्कदा लागलेला असायचा. "अहो, हा दिवा काहीतरी सांगतोय," ती म्हणायची. मी म्हणायचो, जुन्या गाडीचे दिवे म्हाताऱ्या माणसासारखे असतात, कण्हायचं म्हणून कण्हतात. एकदा तिने तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मी गॅरेजमधून काळी चिकटपट्टी आणली आणि तिच्या देखत दिव्यावर चिकटवली. दोन दिवसांनी पाहिलं तर पट्टी सोलून काढलेली, कडेला गोळी करून ठेवलेली. मला राग पट्टीचा आला नाही. ती माझं ऐकल्यासारखं करते आणि पाठ वळली की सोलते, याचा आला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती माझ्या बाबतीत मस्तकात थांबत नाही, हातात उतरते. त्या दिवशी मी भिंतीवर बुक्की मारली. भिंतीचा पोपडा पडला, तो तिने न बोलता झाडून घेतला.

पण मी न्यायाने वागणारा माणूस आहे, असं मी तेव्हा समजत होतो. उगाच संशय घ्यायचा नाही, आधी ट्रायल घ्यायची. एका रविवारी मी टाकी भरली, हायवेला लागलो, आणि किलोमीटरचे दगड मोजत पन्नास जाऊन पन्नास परत आलो. ॲव्हरेज तेराच्या वर पडलं. परतताना मला एक घाणेरडा आनंद झाला होता, तो मला अजून आठवतो, दात दुखत असताना जिभेने तोच दात दाबावा तसा. गाडी ठीक होती. गाडी खोटं बोलत नव्हती. म्हणजे खोटं बोलणारं दुसरंच कुणी होतं. आठवड्याला दोन लिटर जास्तीचे. दोन लिटरमध्ये अठ्ठावीस किलोमीटर, म्हणजे चौदा जायला आणि चौदा यायला. मी शहराचा नकाशा आणला, जेवायच्या टेबलावर पसरला, आमच्या घरावर मध्य धरून एक थाळी पालथी घातली आणि पेन्सिल फिरवली. थाळीच्या कडेला काय काय येत होतं ते वाचलं. शीतगृह. मनोरुग्णालय. कालव्याजवळची नवी वसाहत. या वसाहतीत तिच्या ऑफिसातला जुना हेडक्लार्क राहायला गेला होता, निवृत्त झाला तेव्हा तिने त्याला सगळ्यांच्या वतीने पेन दिलं होतं आणि घरी येऊन म्हणाली होती, माणूस फार सभ्य हो. सभ्य. मी त्या शब्दावर कितीतरी दिवस दातओठ खात होतो. मला कुणी कधी सभ्य म्हटलेलं नाही. एका दुपारी गॅरेज बंद करून मी बसने त्या वसाहतीत गेलो. हेडक्लार्क गच्चीवर चादरी वाळत घालत होता. टक्कल, बनियन, पोट सुटलेलं, चिमटे दातांत धरलेले. एकेक चादर झटकून, कोपऱ्याला कोपरा जुळवून तो घालत होता. खाली झाडाशी उभा राहून मी ठरवत होतो, की जिन्याने वर जावं, त्याचा गळा त्याच दोरीने आवळावा, आणि मग पोलिसांना काय सांगायचं ते सांगावं. मी खरंच ठरवत होतो. जिन्याच्या पायऱ्यांपर्यंत गेलो. वरून एक म्हातारी ओरडली, "अहो, उशांचे अभ्रे राहिले," आणि तो "आलो, आलो" करत आत गेला. मी बस पकडून परत आलो. बायको कधी त्या वसाहतीत गेली होती याचा एकही पुरावा मला मिळाला नव्हता, आणि माझा संशय घरी पोचेपर्यंत दुप्पट झाला होता. असं का होतं, हे मी कुणाला विचारणार?

एकोणीस दिवसांपूर्वीचा रविवार. सकाळचे दहा. गाडी दारात उभी होती, तिचं दार उघडं होतं, आणि बायको बाजूला उभी राहून उजव्या हाताने चौकटीला धरून आत वाकून मला दाखवत होती. "हे बघा, हा दिवा अजून विझत नाही. दुसऱ्या कुणाला तरी दाखवू या का? तो तुमचा लॅपटॉपवाला आहे ना..." ती एवढंच म्हणाली. मी विचारलं, "शुक्रवारी कुठे गेली होतीस?" ती म्हणाली, "ऑफिसला." मी म्हणालो, "त्यानंतर?" "घरी." "मधे?" "मधे पूल," ती म्हणाली, आणि हसली. चेष्टेने नाही, थकून हसली. तिची ती हसायची पद्धत मला ठाऊक आहे, बावीस वर्षं ठाऊक आहे. तरी मी दार ढकललं. डॉक्टरांना मी सांगितलं, वाऱ्याने लागलं. साडू धावत आला त्याला सांगितलं, वाऱ्याने लागलं. त्या दिवशी पानसुद्धा हलत नव्हतं. आवाज कसला आला ते मी सांगू शकतो, माझे कान त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. आधी ओली फांदी मोडावी तसा, मग पत्र्याचा, मग तिचा. तीन बोटं. दार परत उघडायला हवं हे मला लगेच सुचलं नाही. एक क्षण, दोन क्षण, मी नुसता उभा होतो आणि ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या दोन क्षणांत माझ्या अंगातून सगळा ताप उतरून गेला, मला हलकं वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आणि दुसरंही एक सांगितलेलं नाही. मला तिचा हात दिसला होता. दार ढकलण्याआधी दिसला होता. अंगठी, नखं, टायपिंगने चपटी झालेली बोटांची टोकं, सगळं दिसलं होतं.

दवाखान्यातून ती परस्पर थोरल्या बहिणीकडे गेली. पंधरा दिवसांनी साडू निरोप घेऊन आला. गॅरेजमध्ये तो बसला नाही, उभ्याउभ्याच बोलला. "ती म्हणते, गाडी दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. काय निघेल ते येऊन सांगा. मगच काय ते बोलू." मी म्हणालो, "माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात लागणार नाही." साडू म्हणाला, "हाताचं तू बोलू नकोस बाबा," आणि निघून गेला. चार दिवस मी घरात एकटा होतो. स्वयंपाकघरात भांडी साचली. रागाच्या भरात मी एक पातेलं खिडकीतून फेकलं आणि नंतर खाली जाऊन ते उचलून आणलं, कारण घरात तेवढं एकच स्वच्छ होतं. पाचव्या दिवशी गाडी काढली.

"हायवेवर तर तेरा दिलं होतं हिने," मी लॅपटॉपवाल्याला म्हणालो. माझा आवाज मलाच भांडखोर वाटला. त्याने हात पुसले. "हायवेवर देईलच. एका चालीत पळते. पण वहिनी नऊच किलोमीटर जातात, पूल, सिग्नल, परत थंड. इंजिन गरमच होत नाही. कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय, तो पेट्रोल पाजत राहतो. म्हणून तर दिवा लागतो." मग त्याने फडकं खांद्यावर टाकलं. त्याला सगळं कळलेलं असणार, अशा गोष्टी गॅरेजा-गॅरेजांतून पेट्रोलच्या वासासारख्या पसरतात. "जिथे त्रास होतो त्याच रस्त्यावर ट्रायल घ्यायची," तो हळूच म्हणाला, "हे तुम्हीच शिकवलंत ना, उस्ताद." पुन्हा माझे हात शिवशिवले. त्याला मारावं, की त्याच्या पाया पडावं, की बॉनेट माझ्याच मानेवर पाडून घ्यावं, काही कळेना. मी म्हणालो, "नवा टाक." त्याने टाकला. अर्धा तास लागला. बावीस वर्षांच्या संसाराला जे लागलं ते काढायला अर्धा तास. मी त्याच्या स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत होतो. नखांतलं काळं तेल आता निघत नाही, कातडीचाच रंग झाला आहे. माझ्या बापाचे हातही असेच होते, तो सुतार होता, त्याच्या हातांना लाकडाचा वास यायचा आणि ते गालावर पडायच्या आधी तो वास यायचा. आई म्हणायची, त्यांच्या मनात काही नसतं रे. मनात काही नसतं हे खरं असेल. हातात होतं ना.

लॅपटॉपवाल्याने वायर लावून दिवा विझवला. मी मेव्हणीच्या घराकडे निघालो, नेमका बायकोच्या रस्त्याने, पुलावरून. तिसऱ्या सिग्नलला काटा तळातून सुटला. मग हळूहळू वर चढत मधोमध येऊन थांबला. गाडीचा आवाज बदलला, गुळगुळीत झाला, आणि माझे डोळे भरून आले. मागचा हॉर्न वाजवत होता, तरी मी त्या काट्याकडे बघत होतो. ती खरं बोलत होती. सगळे शुक्रवार ती ऑफिसला जात होती आणि ऑफिसातून घरी येत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, आणि चोर मीच होतो. पूल उतरेपर्यंत माझ्या मनात तीन-चार खोट्या गोष्टी तयार झाल्या. टाकीला बारीक भोक होतं म्हणावं. सेन्सर गेला होता म्हणावं, सेन्सर कुणाचाही जातो, त्यात कुणाची चूक नसते. ती कुठे बॉनेट उघडून बघणार आहे? मग ठरवलं, नाही. खरं सांगायचं. थर्मोस्टॅटचं सांगायचं, आणि हिंमत झाली तर हाताचंही सांगायचं. एवढं केलं तर ती येईल. मला ती घरी हवी होती, बस. पोपडा पडला तरी न बोलता झाडणारी नको, ओरडणारी असली तरी चालेल, पण हवी होती. जिना चढताना मी वाक्यं पाठ करत होतो, आणि माझं मलाच बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

दार तिनेच उघडलं, डाव्या हाताने. उजव्या हाताची तीन बोटं पट्ट्यांत बांधलेली, ताठ, कुठेतरी बोट दाखवत असल्यासारखी. "या," ती म्हणाली. आतून मेव्हणीचा आवाज आला, "कोण आहे गं?" तिने सांगितलं. आत भांड्याचा आवाज झाला. "चहा टाकते," मेव्हणी म्हणाली. तिच्या स्वरात माझ्याविषयी काय होतं ते मी ऐकलं आणि गिळलं. मी खुर्चीच्या कडेवर बसलो. ती समोर उभीच राहिली.

"काय निघालं?" तिने विचारलं.

"थर्मोस्टॅट नव्हता. मीच काढला होता, तू चौकात अडकलीस त्या दिवशी. त्यामुळे पेट्रोल जास्त जात होतं. तू म्हणत होतीस तो दिवा तेच सांगत होता." मी एका दमात बोललो. "चूक माझी. सगळी माझी. तू कुठेही गेली नव्हतीस."

"ते मला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो. ते आहेच." पण आता थांबलो तर पुन्हा कधी जमणार नाही हे कळत होतं. "आणि दार वाऱ्याने लागलं नाही. मला तुझा हात दिसला होता."

ती खाली बसली. इतका वेळ तिने श्वास कोंडून धरला असावा असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने डाव्या मनगटाने पुसलं. "मला वाटलं होतं, हे तुम्ही कधीच बोलणार नाही," ती म्हणाली. "एकोणीस दिवस मी स्वतःला समजावत होते, की दिसला नसेल. रात्रंदिवस तेच. वेड लागायची पाळी आली होती. बरं झालं बोललात." तिचा आवाज मऊ होता. मी आयुष्यात इतका हलका कधी झालो नव्हतो. वाटलं, उठावं आणि तिच्या पायांपाशी बसावं. वाटलं, संध्याकाळपर्यंत आम्ही घरी.

मग ती म्हणाली, "एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"समजा, गाडी ठीकच असती. आणि ते दोन लिटर पेट्रोल खरंच मी जाळलं असतं. मी खरंच कुठे गेले असते. तर?"

मला उत्तर ठाऊक होतं. कुणालाही ठाऊक असतं. तरीही हात उचलला नसता, कधीच नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण डोकं मागून येतं हे मी सांगितलंच आहे. माझी पाठ खुर्चीपासून सुटली होती. मांडीवरचा उजवा हात मिटला होता, आणि तिची नजर माझ्या तोंडावर नव्हती, त्या हातावर होती.

"कुठे?" मी म्हणालो.

ती रागावली नाही. रडणं तर केव्हाच थांबलं होतं. कुठल्याशा लांबच्या नातेवाइकाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून आत हाक मारली.

"ताई, चहा आपल्या दोघींचाच टाक."